शाळेच्या डेडस्टॉकमधली लोकल

कुणाच्या शाळेत जिन्याखालच्या खोलीत किंवा प्रयोगशाळेच्या कपाटामागे ऐंशीच्या दशकातला बीबीसी मायक्रो हा संगणक अजून पडून असेल, तर हे त्यांच्यासाठी. आमच्या शाळेतला एक चालू करून त्यावरचा आमच्या सरांचा खेळ वाचवायला मला जवळपास वर्ष लागलं, त्यातलं निम्मं कागदपत्रांत गेलं. खर्च दहा हजारांच्या थोडा वर झाला. एक गोष्ट आधीच सांगून टाकते: घाई मशीनची नसते, फ्लॉपीची असते. मशीन अजून दहा वर्षं धूळ खात पडलं तरी बहुधा दुरुस्त होईल. मुंबईच्या हवेत फ्लॉपीला तेवढा वेळ मिळत नाही.

थोडी पार्श्वभूमी. केंद्र सरकारने १९८४ साली शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढला, ‘कॉम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स’. पहिल्या फेरीत देशभरातल्या अडीचशेच्या आसपास शाळा होत्या. त्यासाठी निवडलेलं मशीन म्हणजे बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसीच्या संगणक साक्षरता कार्यक्रमासाठी ते १९८१च्या डिसेंबरात आणलं होतं. ३२ केबी मेमरी, २ मेगाहर्ट्‌झचा ६५०२ प्रोसेसर आणि कीबोर्डच्या वरच्या अंगाला तांबड्या कळांची एक रांग. स्टीव्ह फर्बर आणि सोफी विल्सन ही ते घडवणारी मंडळी. त्यातलं बेसिक, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा, विल्सन यांनी लिहिलं. पुढे याच दोघांनी पहिला एआरएम प्रोसेसर रचला, म्हणजे आज तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याच्या चिपचा पूर्वज.

आमच्या पश्चिम उपनगरातल्या मराठी शाळेला ही मशिनं नंतरच्या फेरीत मिळाली. मी १९८७ साली आठवीत होते. अख्ख्या शाळेत एसी असलेली ती एकच खोली. बाहेर चपला-बूट काढायचे, मोज्यांच्या वासासकट आत जायचं आणि एका मशीनपुढे चौघींनी बसायचं. एकीने टाइप करायचं, बाकीच्यांनी ओरडायचं. सोबत आलेले शैक्षणिक खेळ सगळे इंग्रजीत. आमचं इंग्रजी पाचवीपासूनचं, त्यामुळे खेळ कळेपर्यंत तास संपायचा.

मग आमच्या गणिताच्या सरांनी स्वतःच एक खेळ लिहिला. त्याचं नाव ‘लोकल’. चर्चगेटहून गाडी सुटते. पडद्यावर गणित येतं: वेग, अंतर, वेळ, तिकिटाचे सुटे पैसे, असलं काहीतरी. उत्तर बरोबर आलं की गाडी पुढच्या स्टेशनात, चुकलं की सिग्नल लाल आणि गाडी जागच्या जागी. बोरिवली गाठली की जिंकलात. प्रश्न मराठीतच, पण रोमन अक्षरांत. स्टेशनांची नावं मात्र चक्क देवनागरीत होती, आणि हे त्या काळात आम्ही दुसऱ्या कुठल्याच संगणकावर पाहिलेलं नव्हतं.

ती अक्षरं आम्ही पोरांनी काढली होती. बीबीसीच्या बेसिकमध्ये ‘व्हीडीयू २३’ ही आज्ञा देऊन स्वतःचं अक्षर बनवता येतं. आठ बाय आठच्या चौकटीत ठिपके भरायचे आणि प्रत्येक आडव्या ओळीची एक संख्या करायची. डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. भरलेल्या घरांच्या किमतींची बेरीज म्हणजे त्या ओळीची संख्या. शिरोरेषा म्हणजे आठही घरं भरलेली, म्हणून २५५. सरांनी गणिताच्या चौकटीच्या वहीत प्रत्येकाला एकेक अक्षर वाटून दिलं होतं. द्विमान पद्धती आम्ही अशी शिकलो आणि पुढे अकरावीत पुस्तकात भेटली तेव्हा तिचं काहीच वाटलं नाही.

वरच्या दोन ओळी मात्रा-अनुस्वारासाठी राखीव, तिसरी शिरोरेषेची, अक्षराला उरल्या पाच. मात्रा वेगळं अक्षर म्हणून बनवायची आणि मूळ अक्षरावर छापायची. त्यासाठी ‘व्हीडीयू ५’ दिलं की आधीचं न पुसता वर छापता येतं. उकारासाठी सर कर्सर जरा खाली सरकवायचे. सहज मिळणाऱ्या जागा ३२च, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची चैन नव्हती. एकच वेलांटी, एकच उकार. जोडाक्षरांचे सरसकट पाय मोडलेले, त्यामुळे ग्रँट रोड आणि एल्फिन्स्टन रोड बघवत नसत. मराठीच्या बाईंनी नाक मुरडलं होतं हे मला पक्कं आठवतंय.

ब्रिटनमधले त्या काळातले बरेच शैक्षणिक खेळ आज इंटरनेटवर जपलेले आहेत. १९८३चा ‘ग्रॅनीज गार्डन’ घ्या. एमुलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, घेतला की घरबसल्या खेळता येतो. त्यासाठी जुनं मशीन लागत नाही, कुणाच्या मिनतवाऱ्या लागत नाहीत. पण सरांचा ‘लोकल’ जगात एकाच ठिकाणी होता: शाळेच्या कपाटातल्या एका सव्वापाच इंची फ्लॉपीवर, ती अजून असली तर.

डिसेंबर २०२४ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एकाने फोटो टाकला. शाळेची डागडुजी होणार होती आणि जिन्याखालची खोली रिकामी करायला काढली होती. फोटोत एकावर एक रचलेली बदामी रंगाची मशिनं दिसत होती. खाली नेहमीचे हात जोडलेले इमोजी आणि ‘काय दिवस होते’. मी दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून शाळेत गेले.

मुख्याध्यापिका बाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, अतिशय सौजन्याने वागल्या. म्हणाल्या, “न्या ना ताई, पण आमच्या ऑफिसला विचारून.” ऑफिसमधल्या लिपिक मॅडमनी डेडस्टॉक रजिस्टर काढलं. सरकारी किंवा अनुदानित शाळेत ज्यांचं काम पडलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: न संपणारी प्रत्येक वस्तू या रजिस्टरात असते. बाक, घंटा, पृथ्वीचा गोल, सगळं. आमची मशिनंही होती, सुंदर वळणदार अक्षरात, ‘प्राप्त झाल्याचे साधन’ या रकान्यात केंद्र शासनाच्या प्रकल्पाचं नाव. आणि सरकारकडून आलेली वस्तू शाळा कुणाला अशीच देऊन टाकू शकत नाही, तिच्यातून धूर निघत असला तरी.

निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू रजिस्टरातून कमी करण्याचा, रस्ता मला समजावून सांगण्यात आला. नादुरुस्त वस्तूंची यादी, शालेय समितीचा ठराव, वरच्या कार्यालयाची मंजुरी, मग किमतीचं मूल्यांकन, दरपत्रकं आणि शेवटी सगळा लॉट एकदम नोंदणीकृत रीसायकलरला. त्यातून एकच नग वेगळा काढून एका माजी विद्यार्थिनीला विकायचा तर त्यासाठी निराळा ठराव. शिवाय जानेवारी आला होता. दहावीचे तोंडी, प्रात्यक्षिकं, लेखी परीक्षा, त्या काळात कुठल्याही शाळेच्या ऑफिसात जुन्या संगणकाचा विषय काढणं म्हणजे लग्नघरात विम्याची पॉलिसी विकणं.

मी अर्ज देऊन ठेवला. कोऱ्या कागदावर, दोन प्रती, एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का. हा शिक्का मागायला लाजू नका. पुढे तीन वेळा “तुमचा अर्ज आमच्याकडे नाही” ऐकल्यावर तोच कामाला आला.

वाट सापडली ती लिपिक मॅडममुळेच. मार्चअखेर मी पुन्हा डोकावले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “ताई, तुम्हाला ते हवंय की चालू करायचंय?” मी म्हटलं, चालू करायचंय. “मग मागता कशाला? दुरुस्तीला न्या.” डेडस्टॉकमधली वस्तू दुरुस्तीसाठी बाहेर जाऊ शकते, त्याला मुख्याध्यापकांची सही पुरते. जावक नोंद होते, गेटपास मिळतो, दुरुस्त झाली की परत यायची. वस्तू शाळेचीच राहते. आधी मला जरा वाईट वाटलं, कारण मनातल्या मनात मी तिला घरातल्या टेबलावर बसवलंही होतं. पण विचार केल्यावर तेच योग्य वाटलं.

संस्थेने तेवढं एक हमीपत्र मागितलं, नोटरी केलेलं. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा लागतो, त्यामुळे घरात जुना शंभराचा पडलाय म्हणून खुश होऊ नका. मुद्रांक घ्यायला स्वतः जा, आधार कार्ड बरोबर ठेवा. नोटरीचे वेगळे दोनशे. मजकूर एवढाच: एक नग संगणक, एक नग डिस्क ड्राइव्ह, फ्लॉपींचा एक डबा, दुरुस्तीसाठी विनामूल्य नेत आहे, आठ महिन्यांत परत करीन. फ्लॉपींचा उल्लेख आवर्जून घाला. रजिस्टरात त्या नसतात, उपभोग्य वस्तूंत मोडतात, आणि म्हणूनच सगळ्यात आधी केराच्या टोपलीत जातात. आमच्याकडे शिपाईमामांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवल्या होत्या, हे नशीब. “सरांच्या आहेत म्हणून ठेवल्या,” एवढंच ते म्हणाले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मशीन घरी आलं. मशीन मांडीवर, डबा पायाशी, रिक्षा गोरेगावपर्यंत. मॉनिटर शाळेतच ठेवला. पिक्चर ट्यूबचं ओझं तिसऱ्या मजल्यावर चढवण्यात अर्थ नव्हता.

घरी आणल्या आणल्या चालू करून बघायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. या मशिनांच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, मेन लाइनवर, पारदर्शक पिवळट कवचाचे फिल्टर कपॅसिटर असतात. आत धातूचा थर दिलेला कागद. काळानुसार कवचाला बारीक तडे जातात, आत दमट हवा शिरते, आणि तीस वर्षांनी २३० व्होल्ट दिले की मोठा आवाज होऊन खोलीभर दुर्गंधी धूर पसरतो. मशीन सहसा वाचतं, शेजारी वाचत नाहीत. वरचं झाकण काढायला चार स्क्रू, त्यांच्याजवळ ‘फिक्स’ असं छापलेलं असतं. माझ्या मशीनमधल्या दोन्ही कपॅसिटरना भेगा स्पष्ट दिसत होत्या.

मे महिन्यातल्या एका शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेले. ग्रँट रोडला पूर्वेला उतरून चालत पाच-सात मिनिटं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद. दुकानदाराला ‘जुन्या कॉम्प्युटरचा कपॅसिटर’ असं सांगून काही होत नाही. ‘एक्स टू, पॉइंट वन मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसी’ असं म्हटलं की पोऱ्या न बघता खणातून काढून देतो. दुसरा पॉइंट झीरो वनचा. एक्स टू म्हणजे मेन लाइनसाठीचा सुरक्षित प्रकार, हे महत्त्वाचं, साधा चालत नाही. जादा घेतले तरी साठ रुपयांच्या आत काम झालं. सोल्डरिंगला मी हात लावला नाही. मेन लाइनचं काम शिकण्याची जागा ही नव्हे. जवळच्या गल्लीत अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांनी पाचशे रुपयांत दोन्ही बदलले, बाहेर येणारे पाच व्होल्ट मीटरवर मोजून दाखवले आणि विचारलं, “मॅडम, याचं करणार काय?” मी म्हटलं, गणित. त्यांनी पुढे विचारलं नाही.

तिथूनच तीस रुपयांचा एक बीएनसी ते आरसीए जोड घेतला. हा सीसीटीव्हीवाल्यांकडे मिळतो. बीबीसीच्या मागच्या व्हिडिओ सॉकेटातून सरळ टीव्हीच्या पिवळ्या एव्ही भोकात. चित्र काळं-पांढरं येतं, पण सरांचा खेळ दोनच रंगांत होता. मेमरी वाचवायला त्यांनी पडद्याच्या ठरलेल्या प्रकारांपैकी मोड ४ वापरला होता. चार रंगांचा मोड १ घेतला तर पडदाच २० केबी खातो, आणि डिस्कसाठीची जागा वजा जाता प्रोग्रॅमला सहा केबीसुद्धा उरत नाहीत. मोड ४ मध्ये सोळाच्या जवळपास मिळतात.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा नुसता एक लांब, संपतच नाही असा ‘बूऽऽ’. निरोगी मशीन आधी खालचा आणि लगेच वरचा असा दुहेरी सूर काढतं. एकच सूर अडकला तर घाबरू नका, आधी सॉकेटमधल्या चिपा हळूच उचलून पुन्हा बसवा. खाऱ्या हवेने पायांवर काळसर थर चढलेला असतो. बंद करून, प्लग काढून, अंगातली स्थिर वीज नळाला हात लावून घालवून, दोन्ही टोकांनी थोडं थोडं उचलायचं. एका बाजूने ओढलं तर पाय वाकतो आणि मग तसली चिप शोधत फिरा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. हे दोन संध्याकाळी केलं. मग तो दुहेरी सूर आला आणि टीव्हीवर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’. १६के दिसलं असतं तर मेमरीच्या चिपा शोधायची वेळ आली असती. आमच्या घरात तेव्हा कुणी नव्हतं, त्यामुळे ओरडले ते फक्त कबुतरांनी ऐकलं.

डब्यातल्या फ्लॉपी मात्र अजून मी कशातच घातल्या नव्हत्या. मधल्या भोकातून बघितलं तर काळ्या चकतीवर पांढरट ठिपके. बुरशी. बुरशी लागलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर वाचणारं डोकं खराब होतं, आणि ते डोकं चकतीवरचा थर खरवडतं, म्हणजे एका फेरीत दोन्ही गेलं. आणि समोर जून येत होता. सगळा डबा हवाबंद प्लास्टिकच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद केला.

वाचायला शाळेचा मूळ ड्राइव्ह वापरायचा नाही असं ठरवलं. आता यासाठी ‘ग्रीझवीझल’ नावाचं एक छोटं यूएसबी सर्किट मिळतं, किअर फ्रेझर या ब्रिटिश प्रोग्रॅमरने रचलेलं. ते फ्लॉपीवरचा मजकूर वाचत नाही, चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं. त्यांचा अर्थ नंतर संगणकावर लावता येतो. त्यामुळे डिस्क एकदाच फिरवून ठेवायची आणि मग निवांत डोकं खाजवायचं. मी ते बाहेरून मागवलं, पाठवणावळ धरून साडेचार हजारांच्या आसपास. पार्सल बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात पोहोचल्यावर बिल आणि ओळखपत्र मागणारं पत्र आलं. ऑर्डरचं बिल, पैसे दिल्याचा पुरावा आणि वस्तू काय आहे याचं दोन ओळींचं साधं वर्णन आधीच फोनमध्ये तयार ठेवा. मी ‘फ्लॉपी वाचण्याचे सर्किट, वैयक्तिक वापर’ असं लिहिलं. ड्युटी पोस्टमनकडे भरली. सगळे मिळून पाच-सहा आठवडे गेले.

सव्वापाच इंची ड्राइव्ह साकीनाक्याच्या एका स्क्रॅपवाल्याकडे मिळाला, जुन्या पीसीतला १.२ एमबीचा, दीड हजारांना. तो ८० ट्रॅकचा, म्हणजे चकतीवरच्या ८० वर्तुळाकार पट्ट्यांचा, आणि आमच्या डिस्क ४० ट्रॅकच्या, पण सॉफ्टवेअरला तसं सांगितलं की तो एक सोडून एक ट्रॅक घेतो. अशा ड्राइव्हवर फक्त वाचा, ४० ट्रॅकच्या डिस्कवर लिहू नका. आणि सुरक्षिततेसाठी डिस्कच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाका. साडेतीन इंचीत भोक उघडं म्हणजे लिहायला बंदी; इथे उलटं, खाच झाकली की बंदी.

साफसफाई जुलैभर चालली, पाऊस नसेल त्या दिवशी. पाकिटाची एक कड ब्लेडने उसवायची, चकती हळूच बाहेर काढायची, अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने पुसायची, वाळवायची, मग एका बऱ्या रिकाम्या पाकिटात घालून वाचायची. प्रत्येक डिस्कनंतर ड्राइव्हचं डोकं पुसायचं, कंटाळा आला तरी. पाकिटांवरचे लेबल आधी फोटो काढून ठेवा. अल्कोहोलने शाई जाते.

बऱ्याच डिस्क पहिल्या झटक्यात वाचल्या. बहुतेक निघाल्या प्रकल्पासोबतच्या इंग्रजी डिस्कच्या प्रती, काहींत वार्षिक परीक्षेचे गुण. ते गुण मी कुठेही टाकलेले नाहीत, पुसले आहेत. तुम्हीही पुसा, कुणाच्या तरी सहामाहीचं भूमिती आहे ते. ‘लोकल’ असं सरांच्या अक्षरात लिहिलेली डिस्क शेवटी ठेवली होती. एक सेक्टर सोडून सगळी वाचली. एक सेक्टर म्हणजे २५६ बाइट. कितीही वेळा फिरवली तरी त्या जागी थरच नव्हता, बुरशीने नेला होता.

एमुलेटरमध्ये घातलं तर ‘बॅड प्रोग्रॅम’. बीबीसी बेसिकमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक ठराविक बाइट, मग ओळ क्रमांक, मग त्या ओळीची लांबी असते. साखळी एका जागी तुटली की पुढचं सगळं असूनही त्याला दिसत नाही. फाइलमधला एकेक बाइट बदलू देणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये जाऊन तुटलेल्या भागात रिकामी ‘रेम’ ओळ, म्हणजे मशीन दुर्लक्ष करतं अशी टीप, बसवली, लांबी जुळवली, आणि पुढची यादी दिसायला लागली. हे वाचून धडकी भरत असेल तर ब्रिटनमधले हौशी लोक याबाबतीत फार मदत करतात, विचारायचा अवकाश.

यादीत अक्षरांच्या ओळी होत्या, प्रत्येकीच्या शेवटी ‘रेम’ आणि एक आकडा. आधी कळेना. मग लक्षात आलं, तो अक्षर काढणाऱ्याचा हजेरी क्रमांक. ग्रुपवर टाकलं आणि दोन दिवस दुसरा विषय नाही. पन्नाशीतली माणसं ‘च’ माझा की तुझा यावर भांडली. गेलेल्या २५६ बाइटांत पाच अक्षरं होती: ख, ज, झ, ध आणि ळ. म्हणजे खार रोड, जोगेश्वरी, सांताक्रूझ, अंधेरी आणि लोअर परळ या स्टेशनांची नावं फाटकी. ‘झ’वर आजही दोघांचा दावा आहे, आणि कागदोपत्री पुरावा कुणाकडेच नाही.

सप्टेंबरात सरांकडे गेले. ते आता डोंबिवलीत राहतात, वय ऐंशीच्या पुढे. फोनवर “कोण गं तू?” इथपासून सुरुवात, पण हजेरी क्रमांक सांगितल्यावर नाव त्यांनीच सांगितलं. लॅपटॉपवर खेळ लावून दिला. गाडी चर्चगेटहून सुटली, त्यांनी दोन गणितं सोडवली, तिसरं मुद्दाम चुकवलं, सिग्नल लाल झाला का ते बघितलं. मग म्हणाले, “आवाज नाही का याला? मी भोंगा घातला होता.” लॅपटॉपचा आवाज बंद होता.

मी म्हटलं, “सर, ‘ळ’ गेलाय.”

“गेला तर गेला. तो आला कधी होता? पाच ओळींत ‘ळ’ बसत नाही. तुम्ही सगळे परल, परल वाचायचात.”

तरी त्यांनी नातीकडून चौकटीची वही मागवली. पेन्सिलीने आठ बाय आठचं घर आखलं. “शिरोरेषा दोनशे पंचावन्न, घे लिहून,” असं म्हणत ते बेरजा तोंडी करत गेले आणि मी टाइप करत गेले. ‘ख’ आणि ‘ध’ चटकन झाले. ‘झ’ला वेळ लागला. ‘ळ’ त्यांनी तीनदा खोडला आणि शेवटी जो काढला तो लोअर परळला अजूनही ‘क’ आणि ‘ळ’ यांच्या मध्ये कुठेतरी आहे. जुनी अक्षरं नेमकी कशी होती ते त्यांना आठवत नव्हतं, मलाही नाही. तेव्हा आज जो खेळ आहे त्यात पाच अक्षरं २०२५ची आहेत आणि मी प्रोग्रॅममध्ये ‘रेम’ टाकून तसं लिहिलंय.

निघताना परवानगीचं पत्र घेतलं. कोऱ्या कागदावर, हा प्रोग्रॅम मी लिहिला आहे, तो कुणालाही विनामूल्य वापरायला माझी हरकत नाही, सही, तारीख. हे नक्की करा. प्रकल्पासोबत आलेल्या ब्रिटिश डिस्कचे हक्क त्यांच्या त्यांच्या मालकांचे, त्या मी कुठे टाकलेल्या नाहीत. आपल्याच शिक्षकाने लिहिलेल्या गोष्टीला निदान त्यांचा होकार तरी हवाच. लिपिक मॅडमनी नंतर हा खेळ सरांचा की शाळेचा असा एक मुद्दा काढला होता. मुख्याध्यापिका बाईंनी तो पुढे जाऊ दिला नाही.

आता खेळ मूळ मशीनवर चालवायचा होता. जुन्या चकत्यांना पुन्हा कामाला लावायचं नव्हतं. यावर उपाय म्हणजे गोटेक, फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा डबा, ज्यात पेनड्राइव्ह लागतो. हा मुंबईत सहज मिळतो, कारण संगणकीकृत भरतकामाची जुनी मशिनं अजून फ्लॉपीवर चालतात आणि ते लोक हाच वापरतात. लॅमिंग्टन रोडला ‘एम्ब्रॉयडरी मशीनचा गोटेक’ म्हणून मागा. मला दोन हजारांना पडला. त्यात ‘फ्लॅशफ्लॉपी’ हे मोफत सॉफ्टवेअर भरलं की तो बीबीसीच्या डिस्क ओळखतो. शिफ्ट दाबून ब्रेक, आणि गाडी चर्चगेटला उभी.

हमीपत्रातली मुदत संपायच्या आत, नोव्हेंबरमध्ये मशीन शाळेत परत नेलं. एसीची ती खोली आता स्टाफरूम आहे, म्हणून विज्ञान प्रयोगशाळेत टीव्हीला जोडून लावलं. आठवीच्या एका तुकडीला मधल्या सुट्टीनंतर आणलं होतं. पहिली दहा मिनिटं त्यांना माउस सापडत नव्हता. मग चौघाचौघांचे गट झाले आणि एकाने टाइप करायचं, बाकीच्यांनी ओरडायचं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. हरकती मात्र लगेच आल्या. जोगेश्वरीनंतर एकदम गोरेगाव कसं, राम मंदिर कुठे? ते स्टेशन २०१६चं. एल्फिन्स्टन रोड म्हणजे काय? प्रभादेवी, नाव २०१८ला बदललं. एका मुलीने ‘नावं शुद्ध का नाहीत’ विचारलं, तिला सरांच्या ३२ जागांची गोष्ट सांगितली, तर म्हणाली, मग ‘ळ’ची जागा वाचवायची ना, तसाही तो वाचता येत नाही. सरांना फोनवर सांगितलं. त्यांना ते फार पटलं.

प्रश्नांतली भाडी जुनी आहेत, ती बदलायची का यावर मुलांत दोन पक्ष पडलेत. बदलायची तर मूळ फाइलला हात न लावता प्रतीत बदला, एवढीच अट मी घातली आहे.

मशीन ठेवून मी ऑफिसात आवक नोंदीसाठी गेले. लिपिक मॅडमनी रजिस्टर उघडलं, त्याच ओळीवर ‘शेरा’ या रकान्यात ‘दुरुस्त होऊन परत प्राप्त. चालू स्थितीत’ असं लिहिलं, मुख्याध्यापिकांची सही घेतली, माझी घेतली. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “ताई, आता हे चालू लिहिलं. म्हणजे दर मार्चला डेडस्टॉकची पडताळणी असते तेव्हा चालू करून दाखवावं लागणार. आमच्यात कुणाला येत नाही. तुमचा नंबर लिहून ठेवते इथेच बाजूला.”